स्वच्छ नमुना

धामणदऱ्याच्या कपारीत भिंतीवर रंगवलेल्या सात बाया किती जुन्या आहेत हे शोधायला भानुमतीला त्यांच्या अंगावरचा लाल रंग नको होता. त्या रंगावर चढलेला पांढरा पापुद्रा हवा होता. ही गोष्ट तिनं संस्थेतल्या वरिष्ठांना सांगितली, तालुक्याच्या साहेबांना सांगितली, एका वर्तमानपत्रवाल्याला दोनदा सांगितली आणि शहरात छावणी भागात ती राहायची तिथल्या शेजारणीलाही सांगितली, जिला त्यात काडीचा रस नव्हता. फक्त ज्यांना सांगायला हवं होतं त्यांनाच तेवढं सांगायचं राहिलं. शिकलेल्या माणसांचं हे असंच असतं. ज्याला आपलं बोलणं कळणार नाही असं त्यांनी मनात ठरवलेलं असतं, त्याच्याशी ते नेमकं थोडक्यात बोलतात.

गोष्ट तशी अवघड नव्हती. लाल रंग म्हणजे गेरू, लोहाची माती. ती काल उगाळली काय की पाच हजार वर्षांपूर्वी उगाळली काय, माती ती मातीच. तिला वय विचारून उपयोग नसतो. कोळशाचा काळा रंग असता तर त्यावरून काही सांगता आलं असतं, पण या बायांच्या अंगावर काळा ठिपकासुद्धा नव्हता. मात्र डोंगरातून झिरपणारं पाणी पिढ्यान्‌पिढ्या त्या भिंतीवरून ओघळत होतं आणि जाताना चुन्याचा एक पातळ थर मागं ठेवत होतं. असल्या चुन्यात अगदी कणभर युरेनियम असतं, ते ठरलेल्या गतीनं बदलत थोरियम होतं. दोन्ही किती उरलंय ते मोजलं की चुना कधी बसला ते कळतं, आणि चुना ज्याच्यावर बसला ते चित्र त्याच्या आधीचं, एवढं तर कुणालाही पटेल. त्या सात जणींच्या वयाला तेवढा एकच साक्षीदार होता, आणि तोही कांद्याच्या सालीइतका पातळ.

वय हवं होतं ते हौसेसाठी नव्हे. ते २०११ साल होतं, शहराचं नाव अजून औरंगाबादच होतं, आणि सोयगाव तालुक्यात रस्त्यांची कामं धडाक्यात निघाली होती. रस्त्याला खडी लागते आणि खडीला डोंगर लागतो. धामणदऱ्याचा डोंगर नानासाहेबांनी खाणीसाठी मागितला होता. नानासाहेब म्हणजे तिथले ठेकेदार, तोंडात साखर असलेला माणूस. कपारीतल्या देवींचं काय, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "त्यांना खाली गावात फरशीचं देऊळ बांधून देऊ की. पावसात गळतंय बिचाऱ्यांच्या अंगावर." तालुक्याच्या साहेबांनीही भानुमतीला आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. "मॅडम, गावोगाव शेंदूर फासलेले दगड आहेत. प्रत्येकासाठी डोंगर राखायचा म्हटला तर रस्ते आकाशातून न्यावे लागतील. हे प्राचीन आहे असं तुमचं शास्त्र म्हणालं, तर मी दुसऱ्या दिवशी परवानगी थांबवतो. आकडा आणा."

आकडे आणणं हे तर भानुमतीचं कामच होतं. रसायनशास्त्र शिकून ती शहरातल्या एका संशोधन संस्थेत लागली, आणि पन्नाशीला टेकेपर्यंत तिनं दुसऱ्यांनी शोधलेल्या वस्तूंचे रंग तपासले. वेरूळच्या गिलाव्यात भुसा किती, कुठल्याशा पोथीतला हिरवा कशाचा, असली कामं. घराण्यात सगळे भटजी आणि कारकून. आजोबांनी निजामाच्या कचेरीत उर्दूतून दप्तर सांभाळलेलं. नेमकेपणा तिच्या रक्तातच होता, आणि तो वाढत वाढत इतका वाढला होता की या बाई वरणात मीठसुद्धा तोलून घालत असतील, असं संस्थेत तिच्या पाठीमागं म्हणायचे. तिच्या समोर म्हटलं असतं तरी तिला राग आला नसता.

कपार मात्र तिची होती. संस्थेतला भूगर्भशास्त्राचा तरुण माणूस, वैजनाथ, याच्याबरोबर ती डोंगरातलं पाणी कुठून झिरपतं ते पाहायला गेली होती. दगडी छपराखाली वाकून आत शिरली तर समोर हातात हात धरून उभ्या सात आकृत्या. आपल्या काळ्या दगडाच्या मुलखात असली चित्रं मिळणं दुर्मीळ, हे ती पुस्तकातून शिकली होती. ती तिथंच खाली बसली आणि तिला रडू आलं. वैजनाथनं शहाणपणानं पाठ फिरवून एक धोंडा निरखायला घेतला.

कपार रिकामी नव्हती. द्वारकाबाई तिथं पाणी घालत होती. साठी उलटलेली, कपाळावर आडवं गोंदलेलं, घरी कोरडवाहू शेती आणि सासूकडून चालत आलेला आसरांच्या पूजेचा मान. आसरा म्हणजे पाण्यात राहणाऱ्या सात बहिणी. धामणदऱ्याच्या बाया पोर झालं की त्यांना आणून दाखवत, आणि पोर गेलं की त्यांच्यापुढं येऊन रडत. द्वारकाबाईची दोन गेली होती. नवऱ्यापुढं ती कधी रडली नाही, तेवढं सोसायचं बळ त्याच्यात नव्हतंच. इथं रडली.

पुढच्या खेपेला भानुमतीनं सगळ्या बायांना कपारीत बसवून सांगितलं की चित्राच्या कडेला थोडं खरवडून नमुना न्यावा लागेल.

"आसराला नख लावायचं?" एकीनं विचारलं.

"नख नाही, बारीक पातं असतं," भानुमती म्हणाली, आणि आपण अधिकच बिघडवलं हे तिला लगेच कळलं.

शेवटी द्वारकाबाईनं कौल लावला. भिंत ओलीच असते. मधल्या बहिणीच्या दोन्ही बाजूंना तिनं ज्वारीचा एकेक दाणा चिकटवला. उजवा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नकार. सगळ्या वाट पाहत बसल्या. यंत्रानं सांगितल्याशिवाय कशावर विश्वास न ठेवणारी भानुमतीसुद्धा त्या दाण्यांकडे श्वास धरून बघत होती, आणि उजवा पडला तेव्हा तिच्या तोंडून इतका मोठा सुस्कारा निघाला की बाया हसल्या.

"दिली तिनं परवानगी," द्वारकाबाई म्हणाली. "पर एक सांग मला, ताई. तिचं वय कळलं की मग डोंगराला कोनी हात लावायचा नाय ना?"

"नाही लावणार, मावशी. एकदा आकडा आला की कुणाची छाती नाही."

इतक्या ठामपणे तिनं उभ्या जन्मात कुणाला काही सांगितलं नव्हतं. बोलल्यावर तिलाच जरा भीती वाटली. पण बायांचे चेहरे उजळलेले पाहून ती भीती निघूनही गेली. निघताना, चप्पल पायात सरकवता सरकवता, तिला सूचना द्यायची आठवण झाली.

"हे बघा मावशी, नमुना स्वच्छ मिळाला पाहिजे. आम्ही परत येईपर्यंत तेल नको, हळद नको, कुंकू नको. त्यांच्या अंगावर वरून लागलेलं काही म्हणजे काही नको."

"स्वच्छ पायजे," द्वारकाबाई म्हणाली.

"अगदी स्वच्छ. नाहीतर सगळं वाया जाईल."

"तू बिनघोर जा. आमी हाव ना."

दसरा झाला, कोजागिरी झाली, आणि भानुमती वैजनाथला घेऊन सगळ्या तयारीनिशी परत आली. काचेच्या कुप्या आम्लात उकळून घेतलेल्या, पाती कागदात गुंडाळलेली. डोंगराच्या पायथ्याशी बाया चांगली लुगडी नेसून उभ्या होत्या. पायवाट झाडलेली, कपारीच्या तोंडाशी रांगोळी. वैजनाथ हसून म्हणाला, "मॅडम, आपलं लग्न लावतायत की काय या?" भानुमतीही हसली. तसं हसणं तिला पुढं बरेच दिवस जमलं नाही.

आत पाऊल टाकलं तर सातही बहिणी लाल भडक. इतक्या लख्ख की कपारीत दिवा लावल्यासारखं वाटत होतं. बोटं दिसत होती, बांगड्या दिसत होत्या, एकीच्या हातात काही फांदीसारखं होतं ते आजवर कुणाला दिसलंच नव्हतं, तेही दिसत होतं. पापुद्रा कुठंच नव्हता. खाली जमिनीवर चिंचेचा चोथा होता, राख होती आणि झिजून गेलेल्या नारळाच्या शेंड्या होत्या.

"कसं लखलख करतंय बग," द्वारकाबाई म्हणाली. आनंदानं तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "साऱ्या गावाची चिंच भिजू घातली हुती. आठवडाभर घासतूय आमी. तुझ्या शब्दापरमानं वरून लागलेलं काय बी ठिवलं नाय. तेल निगालं, कुकू निगालं, अन् वरतून त्ये पांढरं चढलं हुतं न्हवं, त्ये लई चिवट. त्येबी काढलं. माझ्या सासूनंबी हिचं असं रूप पायलं नसंल. सरकारी पावनं बगायला येनार म्हणल्यावर पोरीला मळकी दाखवायची व्हय?"

प्रयोगशाळेत स्वच्छ म्हणजे कुणाचाही हात न लागलेलं, जसं आहे तसं. गावात स्वच्छ म्हणजे हात मोडेस्तोवर घासलेलं. हा दुसरा अर्थ भानुमतीला ठाऊक नव्हता असं थोडंच आहे? रोज घरी तांब्या घासताना ती त्याच अर्थानं जगत होती. पण डोक्यात कुप्या आणि पाती असली की माणूस आपलीच भाषा अर्धी विसरतो. आंबट लागलं की चुना विरघळतो, हे शाळेतलं शास्त्र. हजारो वर्षं एकेक थेंब साचून झालेली गोष्ट आठवडाभरात चिंचेच्या पाण्याबरोबर वाहून गेली होती, आणि ती वाहून न्यायला तिनंच सांगितलं होतं. स्वच्छ, स्वच्छ, असं बजावून बजावून सांगितलं होतं.

"मॅडम, पापुद्रा..." वैजनाथ बोलायला लागला. भानुमतीनं त्याचं मनगट इतकं घट्ट धरलं की तो थांबला.

मग ती भिंग घेऊन भिंतीला लागली. सकाळची दुपार झाली. बाया एका कडेला तोंडावर पदर धरून बसल्या होत्या, परीक्षेला बसलेल्या मुलींच्या आयांसारख्या, आवाज होऊ नये म्हणून खोकलासुद्धा दाबत. कोपऱ्यातल्या बहिणीच्या पायाशी एका भेगेत थोडं पांढरं सापडलं. राखेत कालवलेलं, चिमटीत मावणार नाही इतकं. तिनं ते घेतलं. लाल रंगाचेही कण घेतले.

"दुखलं नसंल ना तिला?" द्वारकाबाईनं हळूच विचारलं.

भानुमतीनं मागं वळून पाहिलं. द्वारकाबाईची बोटं चिंचेनं आणि राखेनं फाटली होती, पेरापेरांत भेगा पडून त्यांच्या कडा काळ्या झाल्या होत्या. त्याच बोटांनी तिनं केळीच्या पानावर पुरणपोळी वाढली. भानुमतीनं ती खाल्ली. सगळी संपवली, आणि आणखी घे म्हटल्यावर आणखी घेतली.

पुढचे महिने आशेचे होते असं म्हणायला हवं, कारण माणूस आशा धरल्याशिवाय राहत नाही. भेगेतलं पांढरं बाहेरगावच्या मोठ्या प्रयोगशाळेत गेलं. उत्तर आलं की नमुना फार कमी आहे, त्यात अलीकडची राख मिसळली आहे, वय काढता येत नाही. लाल कणांची तपासणी भानुमतीनं स्वतः केली. उत्तम प्रतीचा गेरू, बारीक वाटलेला, कारखान्यातल्या रंगाचा अंशही नाही. एवढं पाहून तिला क्षणभर आशा वाटली. पण तोच गेरू परवा कुणी उगाळला असता तरी यंत्रानं हेच म्हटलं असतं. शिवाय पायांशी शिसं सापडलं, म्हणजे कुणीतरी वरून फासलेला बाजारातला शेंदूर.

"मॅडम, शैलीवरून प्राचीन वाटतात असं लिहा," वैजनाथ म्हणाला. "खोटं नाहीये ते. आपल्या दोघांनाही माहीत आहे."

"मला माहीत नाही, वैजनाथ. मला वाटतं. वाटणं आणि माहीत असणं यांत फरक आहे."

"डोंगर जाईल मॅडम."

अहवालात तिनं लिहिलं, चित्रांचं वय निश्चित करता आलेलं नाही. हे वाक्य लिहायला तिला पूर्ण दुपार लागली. त्या दुपारी तिला आपल्या नेमकेपणाची पहिल्यांदा किळस आली, तरीही तिनं ते वाक्य बदललं नाही. बदलता आलं नाही म्हणणं जास्त खरं होईल.

तालुक्याच्या साहेबांनी अहवाल वाचला. "म्हणजे जुनी नाहीत."

"म्हणजे कळलं नाही."

"तेच ते. आणि शेंदूर बाजारातला. हे तुम्हीच लिहिलंय." ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिच्यासाठी चहा मागवला. शेजारच्या खुर्चीवर नानासाहेब बसले होते, ते हात जोडून म्हणाले, "मॅडम, तुमच्यामुळं मनावरचं ओझं उतरलं. उगाच जुन्या वस्तूला धक्का लागला असता तर पाप लागलं असतं." ते मनापासून बोलत होते, हेच भानुमतीला सहन होईना. ती चहा तसाच ठेवून उठली.

एक वाट अजून उरली होती. शहरातल्या एका ओळखीच्या वकिलांनी तिला सांगितलं, "शास्त्र राहू द्या बाजूला. ग्रामसभेनं ठराव केला की हे आमचं दैवत आहे, इथून हलवू देणार नाही, तर खाण अडवता येते. निदान मला लढायला पाय ठेवायला जागा मिळते." भानुमती दुसऱ्याच दिवशी धामणदऱ्याला गेली. तिला वाटलं, हे तर सोपं आहे. ज्या बायांनी आठवडाभर हात फाटेस्तोवर घासलं, त्या एक हात वर करणार नाहीत?

द्वारकाबाईच्या ओसरीवर बसून तिनं आधी वाईट ते सांगितलं. वय निघालं नाही.

द्वारकाबाई म्हणाली, "नापास झाली व्हय?"

"नापास नाही, मावशी. कळलं नाही."

"का नाय कळलं? तुमची येवढी मशिनं." तिनं आपल्या हातांकडं पाहिलं. बोटं आता भरून आली होती, नवी कातडी गुलाबी दिसत होती. "आमच्या हातून काय चुकलं का? खरं सांग."

खरं सांगायची वेळ म्हणतात ती हीच. भानुमतीला ते वाक्य तोंडात तयार दिसत होतं. तो पांढरा पापुद्राच मला हवा होता. एवढंच. पण समोर ती गुलाबी कातडी होती, आणि आपल्याच हातांनी आपली देवी घालवली हे ऐकून ही बाई उरलेलं आयुष्य कसं काढेल, असं तिच्या मनात आलं. शिवाय शब्द तर आपला होता. मग त्याचा भार हिच्यावर कशाला?

"नाही मावशी," ती म्हणाली. "तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही सांगितलं तसंच केलंत."

"नक्की?"

"नक्की."

मग तिनं ग्रामसभेचं समजावलं. हात वर करून नाही म्हणायचं, एवढंच करायचं. द्वारकाबाई मान हलवत ऐकत होती. परतताना सिल्लोडला गाडी थांबली तेव्हा भानुमतीनं चहा घेतला, आणि तिला बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं. आयुष्यभर ती नेमकं बोलत आली होती. एकदा कुणासाठी खोटं बोलली तर जीव हलका झाला. पुढं हा चहाच तिच्या घशात सर्वांत जास्त दिवस अडकून राहिला.

ग्रामसभेची बातमी वैजनाथनं आणली. खाणीला कुणाचा विरोध नाही, खाली नवं देऊळ व्हावं, असा ठराव झाला होता.

"एकही बाई नाही म्हणाली नाही?"

वैजनाथ तिच्याकडं न बघता म्हणाला, "ठरावाच्या बाजूनं पहिला हात द्वारकाबाईंचा होता, मॅडम."

भानुमती गेली तेव्हा कापसाची वेचणी चालली होती. डोंगरावर मशीन भोकं पाडत होतं, त्याचा आवाज शिवारभर भरून राहिला होता. द्वारकाबाई कमरेला ओटी बांधून एका ओळीत वेचत होती. तिनं भानुमतीला पाहिलं, हसली, बांधावर सावलीत बसायला सांगितलं. राग तिच्या चेहऱ्यावर कुठं नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"मावशी, असं का केलंत?"

द्वारकाबाई कापूस वेचत वेचतच बोलली. "माझी पोरं गेली ना ताई, तवा मी सासूला हेच इचारलं हुतं. माझ्या हातून काय चुकलं का. सासू म्हणली, चुकलं. तू बाळातपनातून उठल्यावर पानी घालाय येळंवर गेली नाहीस, म्हनून कोपल्या. लई रडले मी. पर मग कळलं, चूक माझी हाय तवर त्या खऱ्या हायत. माझी चूक, त्यांचा कोप. म्हंजे वर कोनतरी हाय, बघतंय, रागावतंय. त्या जिवावर मी येवढी वर्सं काढली." तिनं ओटीतला कापूस दाबून बसवला. "अन् औंदा तू म्हणलीस, आमचं काय चुकलं नाय. घासलं, पुसलं, सारं तू सांगितलं तसं. मशिनीनं इचारलं तर ती बोललीच नाय. चूक आमची नाय, तर मग कोनाची? म्हंजे तिथं कोन नव्हतंच. माझी पोरं उगंच गेली. रंग हुता नुसता. रंगासाठी डोंगर कशाला अडवायचा?"

भानुमती उठून तिच्याजवळ गेली. कापसाच्या बोंडांची टोकं तिच्या साडीला लागत होती, ओढत होती. तिला वाटलं की आता तरी, अजून तरी वेळ आहे.

"चुकलं होतं, मावशी. तुम्ही जे पांढरं घासून काढलंत, तेच मला हवं होतं. त्याच्यावरूनच वय कळणार होतं. मी स्वच्छ म्हणाले ते हात लावू नका या अर्थानं म्हणाले. तुम्ही घासलंत म्हणून ती बोलली नाही. तिच्यात काही कमी नव्हतं. ती खरी होती, फार जुनी होती, मला आतून माहीत आहे."

'माहीत आहे' हा शब्द तिनं कधी नव्हे तो वापरला होता. द्वारकाबाईचे हात थांबले. तिनं भानुमतीकडं नीट, मायेनं पाहिलं.

"मग त्या दिशी काहून बोलली नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"अन् आज मला वाईट वाटतंय म्हनून हे बोलाय लागलीस," द्वारकाबाई म्हणाली. "राहू दे, ताई. तू लई मायाळू हाईस. पांढरं घासल्यानं देव जातो व्हय?"

"आसरांची शपथ घेते मावशी, खरं सांगते."

"त्यांची शपत आता चालत नाय," द्वारकाबाई म्हणाली आणि पुढच्या झाडाकडं वळली.